कॅमेऱ्यासमोर आईची पाठ

३ मार्च, मंगळवार

दात हलतोय. खालचा, उजवीकडचा. फिट आली तेव्हा कोणी तरी तोंडात चमचा कोंबला — जीभ चावली जाऊ नये म्हणून! शुद्धीवर आले तर कारखान्याच्या फरशीवर, तोंडात रक्ताची चव आणि भोवती शिलाईवाल्या बायकांचा घोळका. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "आता कटिंगला नको बसूस. धागे कापत जा."

कापडाचे थर एकावर एक रचून मी कापते, एकाचीही कड हलत नाही. आणि आता शिवणीतले उरलेले धागे! तेही बोथट कात्रीने.

घरी आईचा पहिला प्रश्न — "कोणी कोणी पाहिलं?"

लागलं का, असं नाही. कोणी पाहिलं!

४ मार्च

आईने येईल त्याला सांगितलं, "उपाशीपोटी गेली होती, चक्कर आली." आमच्या घरात फिट हा शब्दच नाही. नऊ वर्षांची होते तेव्हापासून, म्हणजे गेली वीस वर्षं, मला चक्करच येते.

६ मार्च, शुक्रवार

मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तेव्हाच यायला हवं होतं." कधीची गोष्ट ती! गल्लीतले आमचे डॉक्टर दर खेपेला गोळी वाढवत राहिले आणि मी पेंगत राहिले. या आजारात ऑपरेशन असतं, हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

लहानपणी ताप डोक्यात गेला होता, त्याचा एक व्रण मेंदूत राहिलाय. फिट तिथूनच निघत असतील तर तेवढा भाग काढता येईल. थांबण्याची शक्यता चांगली, पण खात्री नाही. धोकेही सांगितले. त्याआधी मात्र दाखल व्हायचं, त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करायच्या आणि कॅमेऱ्यासमोर फिट येऊ द्यायची. आधी कोणता हात वळतो, चेहरा कसा होतो, सगळं त्यांना बघायचंय.

हे त्या कोणाला सांगत होत्या? दादाला! आजारी मी, बोलणं त्याच्याशी. आई खुर्चीच्या कडेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. वॉर्डात माझ्यापाशी राहणार ती, आणि ऐकून घेतलं दादाने — तेही निम्मं लक्ष मोबाइलमध्ये.

९ मार्च, सोमवार

दाखल. डोकंभर वायरी. घरचं माणूस सोबत लागतंच, म्हणून आई. ती सारखी कॅमेऱ्याकडे बघते. "ही फिल्म कोण कोण बघणार गं?"

१२ मार्च, गुरुवार

रागाने अक्षर नीट येत नाहीये.

काल फिट आली. आज टेक्निशियनने चित्रण दाखवलं. स्वतःची फिट मी कधी पाहिली नव्हती. आताही पाहिली नाही! पडद्यावर मी आडवी, डोळे उघडे, ओठ चाटतेय. लगेच आई उठते. चादर ओढते, माझ्या तोंडावरून घेते आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहते. पुढे सगळी आईची पाठ. राखाडी स्वेटर, मानेवर सुटलेला अंबाडा. सिस्टर धावत येतात आणि तिला हाताला धरून बाजूला करतात, तोवर सगळं संपलेलं. चादरीबरोबर वायरीही उपटल्या गेल्या, म्हणजे मेंदूचा आलेखही गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "यावरून काही ठरवता येणार नाही." खाटेवर दुसरा पेशंट यायचाय. घरी जा.

मी आईला वाट्टेल ते बोलले. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! फिट दाखवायलाच आलो होतो ना आपण? ती म्हणाली, "हात आपोआप गेला."

खरंच आपोआप गेला असणार. बसस्टॉपवर, शाळेच्या मैदानावर, लोकांच्या लग्नात — आधी काही तरी तोंडावर टाकायचं, मग पाठ करून उभं राहायचं. खाली मला श्वास घेता येतो का, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

१३ मार्च

आईशी बोलत नाही. ती ताट वाढून ठेवते. मी जेवते. भूक लागते, काय करणार.

२४ मार्च, मंगळवार

सिस्टरचा फोन आला होता. ६ एप्रिलला पुन्हा कॅमेऱ्यासमोर दाखल व्हायला एक खाट रिकामी होतेय, मात्र आज पेशंट आणि घरच्यांसाठी वर्ग आहे, आईंना घेऊनच या.

गेलो. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, तोंड झाकायचं नाही, कुशीवर वळवायचं. चित्रण का हवं असतं, तेही सांगितलं. सगळं साध्या भाषेत! मी विचारलं, हा वर्ग दाखल करायच्या आधी का नाही घेतलात? सिस्टर ओशाळल्या. "कोणी विचारलं तर सांगतो आम्ही." काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही, तो काय विचारणार, कपाळ!

ऑपरेशन झालेली एक बेकरीवाली आली होती. केस बाजूला करून कानावरची खूण दाखवली. काही महिने शब्द पटकन आठवत नव्हते, गोळ्या अजून चालू आहेत, पण फिट नाही. आईने हळूच विचारलं, "नंतर घरच्यांना ओळखलंत?"

"नवऱ्याला तर लगेच ओळखलं," ती म्हणाली. "त्याला वाटलं होतं, सुटलो."

सगळे हसले. आई हसली नाही. परतताना म्हणाली, "मला वाटायचं, कवटी उघडली की तू मला विसरशील. विचारणार कोणाला?"

आता हिच्यावर रागावू तरी कशी? पण राग आहेच. थोडा हिच्यावर, जास्त त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत असलेल्या सगळ्यांवर.

२९ मार्च, रविवार

दादा म्हणतो, आधी त्याचं लग्न. मेमध्ये आहे. "तिकडच्यांना कळलं तर रक्तातच आहे म्हणतील." मी म्हटलं, तापाचा व्रण आहे, रक्ताचा काय संबंध? "मला पटतंय गं, त्यांना कोण पटवणार? आणि डोक्याला टाके घेऊन फोटोत उभी राहणार का?"

ही खाट गेली तर पुढची थंडीत. "वीस वर्षं काढलीस," म्हणाला, "आणखी सात-आठ महिने काढ." जणू ती वीस वर्षं त्यानेच काढली! मी म्हटलं, तुझ्या लग्नात मला कपाटात बंद कर, म्हणजे झालं.

आई गप्प. ती सोबत आली नाही तर मला दाखल करून घेणार नाहीत. आणि तिचं गप्प बसणं म्हणजे नकारच, मला माहीत आहे.

२ एप्रिल

धागे. दिवसभर धागे. माझ्या टेबलावरच्या नव्या मुलीने कॉलरी वाकड्या कापल्या. मला बरं वाटलं.

४ एप्रिल, शनिवार

आज आईने होणाऱ्या वहिनीच्या आईला फोन लावला. दादा समोरच होता. "माझ्या मुलीला फिट येतात," म्हणाली. फिट म्हणाली! "ऑपरेशनसाठी तपासण्या चालल्यात. लग्नाचं काय ते तुम्ही ठरवा."

पलीकडचा आवाज मोठा, दारातून मलाही ऐकू आला. "अहो, स्थळाची चौकशी केली तेव्हाच कळलं आम्हाला. तुमच्या गल्लीत जो तो सांगत होता. तुम्ही आपणहून कधी सांगताय, तेवढंच बघत होतो."

आईने फोन खाली ठेवला. दादाने तोंड उघडलं, तिने हात वर करून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोमवारी किती वाजता पोचायचंय?"