मादीच्या बरणीतलं पाणी

नागपूर, १६ एप्रिल १९८१

तीर्थस्वरूप दादांस धाकट्या सुभद्रेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्याकडून पोहोचलं ते असं: चिन्नोर तांदूळ एक पोतं (हमाली दोन रुपये), लिंबाचं लोणचं, आणि कामठीच्या मुलाचा फोटो (पाकिटाला तिकीट कमी होतं, पोस्टमनने साठ पैसे घेतले). वहिनींचे गुडघे कसे आहेत? फोटो चारुशीलेला दाखवला. तिने बघितला आणि माशांना खायला घालायला उठून गेली.

मासे म्हणजे सोनमासे. तिच्या कॉलेजची प्रयोगशाळा रंगवायला काढली, म्हणून तिच्या वर्गातला विश्वनाथ (तुमच्या रामटेकचाच, मनोहरराव मास्तरांचा) आमच्याकडे ठेवून गेला. दोन नर काचेच्या पेटीत, मादी वेगळी, बरणीत. घरात मासे आले म्हणून मी आधी देवघराला पडदा लावला. नर इतके आळशी की दिवसभर एका कोपऱ्यात, थेट आमच्या ह्यांच्यासारखे (हे वाचणार नाहीत, चष्मा दुरुस्तीला दिला आहे).

मागच्या मंगळवारी मी बरणीचं पाणी बदललं. नळ अर्धा तास येतो, चांगलं पाणी मोरीत कसं ओतू? नरांच्या पेटीत ओतलं. दादा, मादी बरणीत, बरणी ओट्यावर, पेटीत नुसतं तिचं पाणी. आणि ते दोघे असे उठले की पेटीभर धावाधाव, एकमेकांच्या पोटाला ढुशा, अर्धं पाणी फरशीवर. मला वाटलं, माझ्या हातून विष पडलं. चारू धावत आली. "काहून ओतलं वं आई? अंड्यावर आली आहे ना ती." मग तिने समजावलं, की अंडी पिकली की मादी पाण्यात काहीतरी सोडते. दिसत नाही, ऐकू येत नाही. नराला मात्र त्याचा वास लागतो आणि त्याला दुसरं काही सुचत नाही.

मॅट्रिकला मला शास्त्रात अठ्ठावन्न मार्क होते, पण हे कोणी शिकवलं नव्हतं. मी पेटीपुढे हात जोडून बसले. ना तोंडातून शब्द, ना चिठ्ठी, आणि निरोप नेमका पोहोचतो. देवाने पहिला अवतार ह्याच जातीत घेतला तो उगाच नाही. देवघराचा पडदा त्याच दिवशी काढला.

आपली,
सुभद्रा

ता. क. चारूला आपण तीनदा पाटावर बसवली, मान खाली घालून. कामठीच्या मंडळींना रविवारी आणू नका. फोटो सोबत परत (तिकीट पुरेसं लावलं आहे).

पुन्हा ता. क. मासे सोमवारीच प्रयोगशाळेत परत गेले. विश्वनाथ अजून रोज संध्याकाळी मासे बघायला येतो, आणि चारू न सांगता चहा टाकते. हे म्हणतात, दादा हो म्हणतील तर आपलं हो. तेव्हा मनोहरराव मास्तरांकडे एकदा जाऊन या, आणि काय म्हणाले ते उलट टपाली कळवा.