काळ्या कापडामागचा हात

सोमवार, ५ तारीख
आज सकाळी दुकानात शिरण्याआधी दाराशी डोळे मिटून उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं आणि मगच आत पाऊल टाकलं. पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा नोकरी मिळाली, तीही लेकीच्या गावात. तिच्याच घरी माडीवरची खोली मिळाली आहे. मालक मला पाहून हसले. म्हणाले, काका, इथे देवापेक्षा उजेडाची गरज जास्त. उजेड खरोखर छान आहे. मोठी खिडकी आणि तिच्याखाली माझं टेबल.

दुकान लहान मुलांच्या कृष्णधवल फोटोंसाठी नावाजलेलं. अजून काचेवर फोटो घेतात. मूल हलू नये म्हणून आईला खुर्चीत बसवून तिच्यावर काळं कापड टाकायचं, मूल तिच्या मांडीवर. मुलाला धरलेला हात तेवढा बाहेर दिसतो. काचेवरचा तो हात पात्याने हलकेच खरवडला की कागदावर तिथे नुसता काळोख उमटतो. हे माझं काम. मालकांनी आपलं जुनं पातं दिलं. या दुकानात दुसरं चालत नाही म्हणाले.

लेकीची अशीच एक काच माझ्या पेटीत आहे. तिची आई गेली होती, म्हणून कापडाखाली मी बसलो होतो. तो हात मी कधी खरवडला नाही. लेक अजून चिडवते, बाबा, फोटो तुमच्या पंजाचा आहे, मी आपली उगाच मध्ये.

गुरुवार, ८
पोस्टमन बायको-मुलाला घेऊन आला. बाई भारी बडबडी, कापडाखालूनही गप्प बसेना. जाताना मला बजावून गेली की काका, हात नीट घालवा, धुणी धुऊन त्याचं पार चामडं झालंय, सासूबाई फोटोलाही नावं ठेवतील. दुपारी घालवला. काम फक्कड झालं.

मंगळवार, १३
पोस्टमन फोटो न्यायला आला, मुलगा कडेवर. बायको कशी आहे विचारलं. म्हणाला, कुणाची बायको, काका? पोराला आई नाहीच. थट्टा समजून मी हसलो. तो हसला नाही. पोरगं काळ्या कापडाकडे हात पसरून रडत राहिलं.

शनिवार, १७
भांडून माहेरी गेली असेल, अशी मनाची समजूत घातली. रागावलेला नवरा बायकोचं नावही गिळून टाकतो.

टेबलावर नवी काच होती. काचेवर सगळं उलटं, चेहरा काळा, केस पांढरे. तिथे सगळी पोरं सारखीच. तीन बोटं खरवडून झाली. करंगळीशी आलो. वाकडी. लहानपणी दारात चेमटली होती, काडी लावून मीच बांधली होती—

मला चकित करायला लेक नातीला घेऊन आली होती म्हणे. मी जेवायला गेलो होतो तेव्हा.

रविवार, १८
नात आईकडे जात नाही. परक्या बाईने उचलावं तशी किंचाळते. शेजारीण लेकीला विचारत होती, आपण कुणाकडे उतरलात?

तिचं नाव माझ्या तोंडात येत नाही.

सोमवार, १९
मालकांचे पाय धरले. म्हणाले, खरवडलेलं भरून येत नाही, हे तुम्हा कारागिराला मी सांगायचं? फोटो पोराचा असतो, काका. आईकडे कोण बघतं? घरी तरी कोण बघतं? उरलेली बोटं उद्या-परवा मीच उरकतो म्हणाले. अर्धवट काम बरं दिसत नाही.

मंगळवार, २०
घरात एक बाई आहे. मला बाबा म्हणते. वर लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं, ही माझी—

पोस्टमनची बायको गेली, पण तिचं मूल राहिलं. म्हणजे मी गेलो तरी लेक राहील. आणि खरवडणाराच नव्हता, तर ते हात खरवडले कुणी?

देवापुढे बसलो. माझ्यासाठी काही मागितलं नाही.

बुधवार
पातं खिशातून आणलं. पेटीतली काच काढली. पंजा खरंच मोठा आहे—

दोन बोटं गेली—

खाली नात आई म्हणाली. लेक हसली—

चार गेली. मी हाक मारली. ती नातीला विचारते आहे, वर कोण आहे गं—

अंगठा राहिला होता. त्याच्याच आधाराने ती बसली होती. तोही खरवडून सोडला. आता म—