वडसावंगीचा रकाना

इंदोरा, नागपूर
रविवार, १६ फेब्रुवारी १९६९

प्रिय जयवंता,

शालिकरामच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी, आणि त्यातल्या दोन माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल! नोकरीवरून निलंबित झालेल्या बाईने दुसऱ्याच्या आईचे गुडघे विचारावेत, हे तूच करू जाणे. गुडघे आहेत तसेच आहेत. पण शालिकराम तुमच्या दवाखान्याचा शिपाई म्हटल्यावर आईने त्याला चहा पाजून सगळं काढून घेतलं, आणि तो गेल्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "जयवंतानं फ्लू लपवला म्हनतात? ते काहून लपवते वं? तिची सासू त्याच्यातच गेली ना!" मी पोळ्या लाटत बसले आणि त्या सगळ्या वाकड्या झाल्या.

गुरुवारी तुझी चौकशी. आरोपपत्राची प्रत आमच्या ऑफिसातही आली आहे, मी ती तीनदा वाचली. वडसावंगीत फ्लू पसरलेला असताना नर्सबाईंनी सलग तीन आठवडे 'निरंक', म्हणजे एकही रोगी नाही, असं कळवलं, म्हणून औषधं आणि डॉक्टरांचं पथक तिकडे गेलं नाही, आणि नऊ माणसं दगावली. भाषा कशी गुळगुळीत आहे बघ. त्या तीन आठवड्यांत तू स्वतः एकशे तीन तापात पडली होतीस, दवाखान्यात डॉक्टरची जागा दीड वर्षापासून रिकामी आहे आणि शालिकरामला अक्षरओळख नाही, यातलं एक अक्षरही त्यात नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

आमच्या कामाबद्दल तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. भेटलो की शाळेतल्या बाकावरच्या गोष्टी निघतात. तुम्ही दवाखानेवाले दर आठवड्याला खोकला-तापाच्या रोग्यांचा आकडा छापील कार्डावर लिहून टाकता ना, ती सगळी कार्डं माझ्या टेबलावर येतात. विदर्भाचे आठ जिल्हे. शनिवारी दुपारी बारापर्यंत आलेले आकडे मी तक्त्यात भरते, भिंतीवरच्या नकाशात लाल-पिवळ्या पेन्सिलीने रंगवते, आणि चार वाजता तक्ता तारेने मुंबईला जातो. जिथे लाल, तिथे पथक. हे काम मला मनापासून आवडतं, जयवंता. फ्लू आधी कामठीत दिसला, मग नागपुरात, मग रेल्वेने वर्ध्याकडे सरकला. पुढे तो एस.टी.च्या रस्त्यांनी गेला. आठवडी बाजाराच्या दिवशी तो गावात शिरतो आणि चार-पाच दिवसांनी तिथला आकडा फुगतो, हे मला कोणी शिकवलं नाही, नकाशाकडे बघून कळलं. आमच्या शाखेचे डॉक्टरसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मनकर्णाबाईंना विचारा, पुढचं गाव त्या सांगतील." त्या दिवशी मी बर्डीवरच्या ऑफिसातून घरी येताना सायकल इतकी जोरात हाणली की जरीपटक्याच्या बाजारात एका टमाटेवालीच्या टोपलीतच घुसले. तिने दिलेल्या शिव्यासुद्धा गोड लागल्या.

पण त्या तक्त्याची एक रीत आहे. रकाना रिकामा सोडायचा नाही. बारापर्यंत ज्या गावाचं कार्ड आलं नाही, तिथे 'निरंक' भरायचं. आमचे हेडक्लार्क केशवराव नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात: "रिकामा रकाना म्हणजे आपली चूक. निरंक म्हणजे त्यांचं उत्तर." सगळे माना डोलावतात. आजवर कोणी विचारलं नाही की कार्ड लिहिणारा माणूसच अंथरुणाला खिळला असेल तर काय? जिथे आजार सगळ्यात जास्त, तिथूनच कार्ड येणार नाही, आणि तेच गाव आमच्या नकाशावर सगळ्यात निरोगी दिसणार. इतकं सोपं होतं ते. चौथीतल्या पोराला कळलं असतं.

आता चौकशी लागल्यावर आमच्या ऑफिसातल्या लोकांना घाम फुटला आहे. बुधवारी केशवरावांनी माझ्यापुढे एक टंकलेला कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की वडसावंगीच्या नर्सबाईंनी तिन्ही आठवडे निरंक असल्याचा तोंडी निरोप पाठवला होता, आणि तो मी स्वतः ऐकला. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, असा निरोप आला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "पाहा बुवा मनकर्णाबाई, तुमची नोकरी अजून पक्की व्हायची आहे. मैत्रिणीसाठी काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या?" मी तो कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर 'हे खोटं आहे' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली. सही हवी होती ना? घ्या म्हटलं. त्यांनी पान लावलं. मीही जागेवर जाऊन पुढचा तक्ता उघडला.

काल आमचं आवक रजिस्टर काढून बसले. येणारं प्रत्येक कार्ड तिथे क्रमांकाने चढतं. त्या तीन आठवड्यांत वडसावंगीचं एकही कार्ड चढलेलं नाही. तू बरी झाल्यावर तिन्ही आठवड्यांचे आकडे एकदम पाठवलेस, ते सत्तावीस जानेवारीला आल्याची नोंद आणि शिक्का आहे. पानांची नक्कल सोबत जोडली आहे. गुरुवारी चौकशी अधिकाऱ्याला एवढंच म्हण, "मूळ रजिस्टर मागवा आणि माझं निरंकाचं कार्ड दाखवा." त्यांना ते सापडणार नाही, कारण ते कधी नव्हतंच.

मग प्रश्न येईल की निरंक लिहिलं कोणी. तेच सांगायला आज हे पत्र घेऊन बसले आहे, आणि बघ, चौथ्या पानावर आले तरी तोंडातून निघत नव्हतं. मी लिहिलं, जयवंता. तिन्ही वेळा, माझ्या हाताने, माझ्या निळ्या शाईने. आणि नुसतं लिहून थांबले नाही. चहूकडे लाल आणि मध्ये तुझं गाव पांढरं बघून मला आनंद झाला होता. घरी येऊन आईला म्हटलं होतं, "जयवंताकडे काही नाही, सुटली बाई." त्याच आठवड्यात तुझ्या सासूबाई गेल्या. मी तुझ्याकडे माफी मागत नाही, ती द्यायची की नाही ते तू सावकाश ठरव, नाही दिलीस तरी मी समजेन. पण ही चूक माझी आहे, आणि ती मी तुझ्या माथी मारू देणार नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर. गुरुवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी येते आहे. बस चुकली तर हे पत्र चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेव. खाजगी आहे म्हणून लपवू नकोस. त्यासाठीच खाली पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिते आहे.

तुझीच,
मनकर्णा

मनकर्णा आनंदराव गजभिये
कनिष्ठ लिपिक, साथरोग शाखा, नागपूर