हाड म्हटलं की येणारी

माय, तुला हे सांगायचं तर आधी तुझाच एक शब्द काढावा लागतो. हाड. राजूरला चुनाभट्टीवरून आलीस की तू हातपाय धुऊन चूल पेटवायचीस. चुन्याने फुटलेल्या हातांनी भाकरी थापायचीस. भट्टीवरची एक खरजुली कुत्री तेवढ्यात दारात येऊन बसलेली असायची. तिच्याकडे न बघता तू "हाड" म्हणायचीस आणि त्याच दमात भाकरीचा तुकडा तिच्यापुढे टाकायचीस. एकदा मी तिला नाव दिलं, तर तू पाठीत धपाटा घातलास. "लोकाइले नावं ठेवाले सारं गाव आहे, तू कुत्र्याले नाव ठेवून राह्यली. नाव ठेवशीन त मंग थे मेल्यावर रडशीन." कुत्री पुढे मेली. बिननावाचीच मेली, आणि तरी मी रडले. तू ते पाहिलंस. त्या रात्री माझ्या ताटात तूप जास्त होतं.

मला तू कधी गोड बोललीस असं आठवत नाही. मी कॉलेजसाठी यवतमाळला निघाले तेव्हा स्टँडवर भाकरी-झुणक्याचं गाठोडं माझ्या मांडीवर आदळून तू म्हणालीस, "जाय आता, तोंड काळं कर." बाजूच्या बाईला ते ऐकून धक्का बसला. मला नाही बसला. एसटी वळेपर्यंत तू पदर तोंडाला लावून उभी होतीस. तुझं बोलणं उलटं करून ऐकायचं असतं, हे मला घरातच शिकायला मिळालं होतं. पुढे यवतमाळलाच एसटीच्या आगारात नोकरी केली तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टर मला वचकून असायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं. त्यांना तो उलटा अर्थ लावता येत नसे, आणि मला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नसे.

तुझे जावई गेले त्याला आता बरेच दिवस झाले. मुलगा पुण्याला. घरात दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. शेजारच्या सुनेने सुचवलं, काकू, कुत्रं पाळा, सोबतही होईल आणि राखणही. दारव्हा रोडला गावाबाहेर एक आश्रयघर आहे. टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली, म्हातारी झालेली कुत्री-मांजरं तिथे ठेवतात. कुणी न्यायला आलं तर देतात, नाही आलं तर मरेपर्यंत सांभाळतात. जागा नाही, आजारी आहे, म्हणून सुई देऊन कुणाला संपवत नाहीत. मला हे पटलं. भुंकणारं, तरणं कुत्रं आणायचं असं ठरवून मी गेले.

गेल्या गेल्या एका पिल्लाने माझ्या लुगड्याला चिखलाचे पाय लावले. माझ्या तोंडून गेलं, "हाड!" पिल्लू पळालं. पार कोपऱ्यात पोत्यावर पडलेली एक म्हातारी कुत्री मात्र उठली आणि शेपटी हलवत थेट माझ्यापाशी आली. मी पुन्हा हाड म्हटलं, तर ती आणखी जवळ सरकली. तिथली व्यवस्था बघणारी मुलगी हसायला लागली. म्हणाली, "काकू, बोरी अरबच्या बाजारात सापडली हे. जलमभर लोकाइनं हाडच म्हणलं तिले, तिले वाटते हेच आपलं नाव." त्यांनी तिला एका सिनेमातल्या नटीचं नाव दिलं होतं, पण ती त्या नावाला कान हलवत नव्हती. मुलगी तरणी कुत्री दाखवत होती. मी याच कुत्रीला घेऊन घरी आले.

घरात फार बरं चाललं होतं. दारात उभी राहून मी हाड म्हणायची आणि ती आत यायची. शेजारची सून म्हणे, "काकू, तुमची कुत्री उलटीच आहे जी." ती उंबऱ्याशी बसायची, मी भाजी निवडायची. तुझ्यासारखंच तिच्याकडे न बघता मी बोलत असे. आगारातल्या गोष्टी, पुण्याच्या फोनवर न बोललेल्या गोष्टी. या वयात नवं नाव शिकवून तिला कशाला त्रास द्यायचा, असं मी आश्रयघरातल्या त्या मुलीला फोनवर सांगितलं. मुलीला ते आवडलं नाही. ती म्हणाली, काकू, घरात ठीक आहे, पण बाहेर?

बाहेर जे व्हायचं ते झालं. कोपऱ्यावरच्या घरी हळद होती. रस्त्यावर चुली मांडल्या होत्या आणि आमचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. आचारी कुत्र्यांना हाकलत होता. बाकीची पळाली. ही गेली त्याच्याकडे. मी धावत पोहोचले तेव्हा ती मंडपाच्या बांबूशी पडलेली होती आणि आचारी हातात जळतं लाकूड घेऊन उभा होता. "म्या हाड हाड म्हणून राह्यलो बाई, अन् हे अंगावरच येऊन राह्यली. मले वाटलं पिसाळली." मी आयुष्यभर माणसांना झापलं. त्याला काय बोलणार? त्याने जे पाहिलं त्यावरून त्याचं बरोबरच होतं. तिचंही बरोबर होतं. माराचा अर्थ तिला लागला नव्हता. पडल्या पडल्या ती त्याच्याकडे बघून शेपटी हलवत होती.

कमरेचं हाड मोडलं. आता ती पुन्हा आश्रयघरात आहे. जखम भरली, पण लंगडते. मुलीने मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, आणि आगारात मी ज्या सुरात सांगायची त्याच सुरात. या कुंपणाच्या आत तो शब्द कुणी काढायचा नाही. ती तो विसरली आणि नव्या नावाला आली, तरच घरी जाईल. नाहीतर इथेच राहील, कारण पुढचा फटका ती सोसणार नाही. मला नियम कळतात. मी हो म्हटलं.

दर रविवारी मी जाते. ते नटीचं नाव घेते. माझ्या तोंडात ते बसत नाही, परक्या पोरीला हाक मारल्यासारखं वाटतं. कुत्री पोत्यावरून माझ्याकडे बघते आणि मान खाली टाकते. मला वाटतं, तिला मी बोलावणं सोडलं असंच वाटत असणार. माय, तू गेलीस तेव्हा शेवटचे दिवस तू बोलतच नव्हतीस. आम्ही सगळे म्हणत होतो, किती शांत झाली. मी तुझ्या खाटेशी बसून एखादी शिवी ऐकायला कान लावून होते.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायची, तेव्हा हे पत्र पेटीत टाकायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखंही नाही, म्हणून इथे लिहिते. गेल्या रविवारी मुलगी औषध आणायला आत गेली. आसपास कुणी नव्हतं. मी वाकले आणि अगदी हळू म्हटलं, हाड. ती उठली. लंगडत, धडपडत आली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून राहिली. मुलीची पावलं ऐकू आली तेव्हा तिला परत पाठवायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. मुलगी दारातच थांबली. तिचे डोळे भरून आले. "काकू, नावानं आली?"

मी हो म्हटलं. येत्या रविवारी घरी न्या म्हणाली आहे.