एका पायावर किती वेळ

ता. ४ जून
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टबाईंचा फोन आला. तोल तपासत असताना तुम्ही मध्येच चपला घालून चालते झालात म्हणे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा पावलं जाऊन परत यायचं, मग एका पायावर उभं राहायचं, एवढंच तर होतं! तीन मोजेपर्यंत तुम्ही भिंत धरलीत आणि वर भिंतीलाच पोपडे आलेत म्हणून बाईंना सुनावलंत. मोरीत दोनदा पडलात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? पुन्हा जा.

रागावलेली, तरी तुमचीच,
ताई

ता. ११ जून
चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून लोकांची घरं रंगवली. आता नातीच्या वयाची पोर हातात घड्याळ धरून मला उठाबशा काढायला लावते. अंगाची नुसती लाही झाली. पण खरं कारण ते नाही. धाकटा तुझ्याशी फोनवर बोलत होता, ते मी ऐकलं. मला जमेनासं झालं की आई तुझ्याकडे आणि मी त्याच्याकडे, असं ठरलंय म्हणे. तिला अर्धांग झाल्यापासून पलंगावरून खुर्चीत मीच घेतो. आम्ही काय भांडीकुंडी आहोत वाटून घ्यायला? मग मी तिथे नापास व्हायला कशाला जाऊ?

कळावे,
बाबा

ता. १७ जून
ती. बाबांस,
शि. सा. न.

बोललो खरं, आणि तुम्हाला न विचारता बोललो. चुकलंच. तुम्हा दोघांना वेगळं करणार नाही, शब्द देते. पण आईला उचलताना तुम्ही पडलात तर दोघंही जमिनीवर! किती वेळा तेच लिहू? जा ना बाबा.

तुमची,
ताई

ता. २९ जून
चि. ताईस,
आशीर्वाद.

गेलो एकदाचा. डोळे मिटून उभा राहिलो तर कोसळलोच असतो, पोरीने कमरेला धरलं. मग तिने तळव्यांवरून कापूस फिरवला. मला पत्ताच नाही. पायांना जमीन कळत नाही म्हणून तोल जातो, असं म्हणाली. साखर तपासायला सांगितली, व्यायाम दिले, मोरीत दांडी बसवायला लावली आणि तुझ्या आईला एकट्याने उचलायची बंदी घातली. आता काकू दोन वेळा मदतीला येतात. चरफडतो, पण ऐकतो.

हे सगळं तुझ्या आईला सांगितलं, तर तिला काडीचंही नवल वाटलं नाही. उचलताना माझे पाय लटपटतात, हे तिला केव्हाचंच कळलं होतं. म्हणून चार महिने ती निम्मंच जेवत होती, आपलं वजन मला झेपावं म्हणून. मी आपला समजत होतो, तिच्या तोंडाची चव गेली. इतका चिडलो तिच्यावर! समोर बसलो आणि ताट रिकामं होईपर्यंत उठलो नाही.

दोघांवरही माया राहू दे,
बाबा