आत्यांच्या मशीनचा सेल

४ नोव्हेंबर
पुन्हा तोच करपट वास! चार्जरला हात लावला तर चटका बसला. सासरे शेजारीच खुर्चीत. साधे, वापरून संपलेले सेल चार्ज करतात — ज्यांच्यावर ‘चार्ज करू नका’ छापलंय तेच! म्हटलं, आबा, फुटेल एखादा. तर म्हणे, “काय होत नाय गं. नवीन खपावं म्हणून लिवतात.”
घड्याळात घातले असते तर एक वेळ ठीक. पण हे जातात आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कानाच्या मशीनमध्ये. जुनं मशीन — वायर कानात, डबी पोलक्याच्या आत, छातीला चिकटून. बघितलं तरी धडकी भरते.

७ नोव्हेंबर
नवऱ्याला, योगेंद्रला सांगितलं. “अर्धांगाचा झटका आल्यापासून आबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आता निदान हात तरी हलतात,” म्हणाला आणि गेला कामावर.
खालापूरहून नवे सेल आणले. आबांनी पाकीट न फोडताच फळीवर सरकवलं. दिवसभर बोलले नाहीत.

८ नोव्हेंबर
एक सेल फुगलाय. गुपचूप उचलला.

११ नोव्हेंबर
झालंच शेवटी! आत्या अंगणात भात वाळवत होत्या. एकदम छाती दाबून ओरडल्या. मी डबी ओढून काढली — सेल गळलेला, कातडी लालभडक, हाताला साबणासारखी बुळबुळीत. पाणी ओतत सुटले, तांब्यामागून तांब्या. मग कर्जतला दवाखाना. डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी ओतलंत म्हणून थोडक्यात निभावलं.
परत आलो तर आबा दारातच. आत्यांना म्हणाले, “जयवंता, मी केलं का गं हे?” आत्यांनी नुसता त्यांचा हात धरला.

१५ नोव्हेंबर
आबांनी डबी पुसली, दुसरा सेल चार्ज करून घातला! आत्यांनी ती निमूट पोलक्यात सरकवली — पट्टीच्या शेजारी! भांडी घासताना माझे कान तिकडेच. आता ओरडतील, मग ओरडतील...

१६ नोव्हेंबर
आबा अंघोळीला गेले तशी मी आत्यांसमोर बसले. त्यांना ओठ दिसावेत असं सावकाश म्हटलं — नका घालू, हात जोडते.
त्या कुजबुजल्या, “मशीन गणपतीपासनं बंदच हाय गं सुप्रिया. काय येत नाय ऐकू. पण ते घातलं का हे माझ्याशी बोलत बसतात. नायतर गप.”
डबी माझ्या हातात दिली. “झाकण माझ्या बोटांनी निघत नाय. सेल तू काढून घेत जा रोज.”
काढला. गरम होता.