काकांच्या पाइपची नळी

३ जाने., शनि.
अकोल्याहून आत्ताच आलो. कुसुमकाकूंनी अखेर काकांचा तंबाखूचा पाइप हातात दिला! दुरुस्तीपुरताच. वर्षभर मागे लागलोय, पण विकायचा नाही म्हणजे नाही. काका कापसाचे ग्रेडर होते. ते गेल्यापासून काकू पाइप उशाशी ठेवतात. तोंडात धरायची नळी ढिली झालीय, तेवढी घट्ट करून पुढच्या रविवारी आणा म्हणाल्या. जुना विलायती, ब्रायर लाकडाचा. माझ्या संग्रहात एकेचाळीस आहेत, असा एक नाही. (मी ओढत नाही. बायको सोडून कुणाला पटत नाही.)

५ जाने., सोम.
आयटीआयतून आल्या आल्या बसलो. नळीचं टोक गरम करून किंचित फुगवलं, बसली घट्ट. दहा मिनिटांचं काम. तिथेच उठायला हवं होतं.
हात थांबेनात. रबराची नळी जुनी होऊन हिरवट पडलेली, वर दातांचे दोन खड्डे. जन्मभर पोरांना फिटरकाम शिकवलं, खड्डा दिसला की चैन पडत नाही. ऊब देऊन खड्डे वर आणले, पॉलिश पेपर, मग पॉलिश. नवरदेवाच्या बुटासारखी चमकते आहे. खूश आहे.

७ जाने., बुध.
काकूंचा फोन. "एक सांगाचं राह्यलं. नळीवर ह्यायच्या दाताच्या खुणा हायेत, त्या तशाच राहू द्या बरं. मी अंगठा फिरवतो त्याच्यावर."
हो हो म्हणालो. का म्हणालो?


९ जाने., शुक्र.
डोक्यात भलतंच. भंगारातली एक नळी गरम केली, दातांत दाबली. खुणा उमटतात. झकास उमटतात.
बायकोनं पाहिलं. "काय खाऊन राहिले तुमी?" सांगितलं सगळं. आधी हसली. मग म्हणाली, "त्या बाईले फसवसान?"

१० जाने., शनि.
काकांची नळी तीनदा गरम केली, तीनदा गार होऊ दिली. लाज वाटते स्वतःची. उद्या जायचंय.

११ जाने., रवि.
अकोला. चपला काढता काढताच सांगून टाकलं.
काकूंनी नळीवर अंगठा फिरवला. कुठे अडला नाही.
"तुमाले दिसल्या नोयत्या काय?"
"दिसल्या."
"मंग?"
 "खराबी वाटली," म्हणालो.  त्यांनी चहा केला, बिनसाखरेचा, मी तसाच प्यालो. निघताना त्यांनी पाइप माझ्याच पिशवीत टाकला. "घिऊन जा. तुमाले पाह्यजेच व्हता ना."
बसमध्ये पिशवी मांडीवर होती, उघडली नाही.

१४ जाने., बुध.
एवढा हवा होता, मिळाला. कपाटात बाकीच्यांत ठेवायला धीर होत नाही, फ्रीजवर पडलाय. 
संक्रांत म्हणून काकूंना फोन लावला. उचलला.
"तुमीच ना?"
"हो."
तिळगूळ घ्या, एवढंच म्हणालो. बराच वेळ कोणी फोन ठेवला नाही.